आईच्या बाजूची साखर

पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या बाई ३६ वर्षांच्या, पुण्यात नोकरी करतात, माहेर सांगली जिल्ह्यातलं. आईला ४१व्या वर्षी मधुमेह निघाला. आई अंगाने पहिल्यापासून बारीक. तरीही गोळ्या पुरेनाशा झाल्या आणि चार-पाच वर्षांत इन्सुलिन सुरू झालं. धाकटी मावशी आणि मोठा मामाही मधुमेही, आजी ‘साखरेनेच गेली’ असं घरात बोललं जातं. बाईंनी ऑनलाइन मागवून लाळेची डीएनए तपासणी केली. रिपोर्टात मातृवंशाचा गट ‘एम’ आला आणि माइटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत १६१८९ क्रमांकाच्या जागी एक बदल दाखवून पुढे लिहिलं होतं : ‘चयापचयाच्या विकारांची वाढीव शक्यता’. त्यांची स्वतःची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ५.८ आहे. भाऊ म्हणतो, ‘हे आईकडून मुलींकडे जातं, माझा काय संबंध?’ धाकट्या बहिणीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय आणि आईने बजावलंय, की लग्न होईपर्यंत कुणापाशी काही बोलायचं नाही. ‘माझंच रक्त वाईट,’ असं म्हणून आई गप्प गप्प राहते. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : ‘आईला आणि मावशीला आताशा नीट ऐकू येत नाही, त्यामुळे फोनवर हे सगळं समजावूनही सांगता येत नाही.’ प्रश्न असे : मला मधुमेह होणारच का? आठ वर्षांच्या मुलीचं काय? दुसरं मूल होऊ द्यावं का? बहिणीला आणि तिच्या सासरी सांगावं का?

तुम्ही रिपोर्टबद्दल दीड पान लिहिलंय आणि आईच्या कानांबद्दल एक ओळ. मला त्या ओळीने जास्त विचारात पाडलं. तिच्याकडे मी येणार आहे, पण ज्या वाक्याने तुमची झोप उडाली आहे त्याचं वजन आधी पाहू या.

शाळेच्या पुस्तकात आपण ज्यांना तंतुकणिका म्हणून शिकलो त्याच माइटोकॉन्ड्रिया. अन्नातली साखर आणि चरबी प्राणवायूच्या मदतीने जाळून पेशीला ऊर्जा पुरवणं हे त्यांचं काम. मधुमेहाशी त्यांचा संबंध अगदी जवळचा आहे. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना रक्तातली साखर वाढल्याचं कळतं ते याच ऊर्जेवरून. पेशीत ग्लुकोज जळलं, एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू वाढला, की इन्सुलिन बाहेर सोडलं जातं. तिथली ऊर्जानिर्मिती मंदावली, तर साखर वाढूनही पेशीला पुरेशी जाग येत नाही.

या कणिकांचा स्वतःचा एक छोटा डीएनए असतो. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी १९८१ साली तो पहिल्यांदा पूर्ण वाचला : १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं. हा डीएनए मुलाला फक्त आईच्या बीजांडातून मिळतो. तुमच्या रिपोर्टने हे बरोबर सांगितलंय. त्याने सांगितलं नाही ते असं, की माइटोकॉन्ड्रिया चालवायला हजारावर प्रथिनं लागतात आणि त्यांतली फक्त १३ या डीएनएत लिहिलेली आहेत. उरलेल्या सगळ्यांची जनुकं पेशीच्या केंद्रकात असतात, आणि ती आई-वडील दोघांकडून येतात. तुमच्या माइटोकॉन्ड्रियांत तुमच्या बाबांचाही मोठा वाटा आहे. तुमच्या एवढ्या लांब पत्रात बाबांच्या बाजूबद्दल मात्र एक शब्द नाही. आजोबांना काय होतं? आत्याला, काकांना? ते विचारून घ्या.

आता ‘एम’ गट. हे हजारो वर्षांपूर्वीच्या एका मातृवंशाचं नाव आहे. आपल्या देशातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा मातृवंश याच मोठ्या गटात मोडतो. मधुमेह नसलेले कोट्यवधी लोक त्यात आहेत. जो बदल आयांनी मुलांना एवढ्या पिढ्या निर्वेध दिला, तो एकट्याने माणसाला आजारी पाडण्याइतका जबर असता तर इतका पसरलाच नसता. म्हणून अशा सर्रास आढळणाऱ्या बदलांचा परिणाम असलाच तर थोडा असतो, आणि तो बाकीच्या जनुकांवर, आहारावर, शरीरकष्टांवर अवलंबून असतो.

१६१८९च्या बदलाचंही तसंच. आशियाई लोकांच्या काही अभ्यासांत त्याचा मधुमेहाशी संबंध दिसला. युरोपीय लोकांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा दिसला नाही. एन९ए नावाच्या गटाची गोष्ट तर प्रत्येक डीएनए रिपोर्टवर छापावी अशी आहे. २००७ साली जपानी आणि कोरियन लोकांच्या अभ्यासात हा गट मधुमेहापासून काहीसं संरक्षण देणारा ठरला. २०१८ साली चीनमधल्या अभ्यासात तोच गट धोका वाढवणारा निघाला. मातृवंश तोच, निष्कर्ष उलटे. यात कुणी खोटं बोललेलं नाही. छोटा परिणाम मोजायला गेलं की आजूबाजूच्या बाकी गोष्टी त्याला इकडे किंवा तिकडे ओढतात. अशा एका बदलावरून एका माणसाचं भविष्य सांगणं मला मान्य नाही. लाळ पाठवणाऱ्या माणसाला समोर बसवून, कुटुंबाची चौकशी करून मगच असं वाक्य हातात द्यायला हवं होतं. रिपोर्टचं ते पान तुम्ही निर्धास्तपणे मिटून ठेवा.

‘पण आमच्याकडे सगळ्यांना आईच्याच बाजूने आहे,’ असं तुम्ही म्हणाल. आईकडून येणारी प्रत्येक गोष्ट माइटोकॉन्ड्रियातूनच येते असं आपण पटकन धरून चालतो, आणि तुमच्या पत्रातल्या बऱ्याच भीतीचं मूळ तिथे आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथे दोन पिढ्यांचा अभ्यास झाला. आईला मधुमेह असो की वडिलांना, मुलांचा धोका जवळपास सारखाच वाढलेला दिसला : सुमारे साडेतीन पट. दोघांनाही असेल तर सुमारे सहा पट. मात्र आईला पन्नाशीच्या आत मधुमेह झाला असेल तर मुलांना धोका जास्त होता. तुमच्या आईचं वय तेव्हा ४१ होतं, म्हणून हे तुमच्यापासून लपवत नाही.

हा जादा धोका येतो कुठून? अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या पिमा या आदिवासी लोकांमधल्या एका अभ्यासात याचं फार बोलकं उत्तर आहे. एकाच आईची मुलं घेतली : काही तिला मधुमेह होण्याआधी जन्मलेली, काही नंतर. माइटोकॉन्ड्रियाचा डीएनए सगळ्यांचा आईकडचाच. तरीही आईला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्यांना मधुमेहाचा धोका आधीच्या भावंडांपेक्षा सुमारे चौपट होता. फरक पडला तो नऊ महिने गर्भाला मिळालेल्या साखरेने.

याला आपल्या जवळचा पुरावाही आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातून १९९३ साली आसपासच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. स्नायू आणि पोटातले अवयव पुण्याच्या बाळांत बरेच कमी भरले. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबी राखून असलेलं बाळ. पुढे ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर असं दिसलं, की ज्यांच्या आयांमध्ये गरोदरपणी बी१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. हाही आईच्या बाजूचाच वारसा, पण त्यात डीएनएचं अक्षरही बदललेलं नाही. आणि बी१२, गरोदरपणातली साखर, ॲनिमिया या गोष्टींवर इलाज आहे. हे वाचून तुमच्या आईने पुन्हा स्वतःला दोष देऊ नये. चाळीस वर्षांपूर्वी सांगलीकडच्या खेड्यात गरोदर बाईचं बी१२ कोण तपासत होतं?

आता ती ओळ.

मधुमेह आणि कमी ऐकू येणं, दोन्ही आईच्या बाजूने, दोन बहिणींत. शिवाय मामालाही मधुमेह. शिवाय आईला चाळिशीच्या सुमारास सुरुवात, अंग बारीक, लवकरच इन्सुलिन. हे सगळं एकत्र आलं की डॉक्टरांनी एक गोष्ट नक्की तपासायला हवी. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी १९९२ साली एका मोठ्या कुटुंबाची हकीगत प्रसिद्ध केली. त्या घरात मधुमेह आणि बहिरेपणा जोडीने, फक्त आयांकडून पुढे जात होता. कारण निघालं माइटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत ३२४३ क्रमांकाच्या जागी झालेला एका अक्षराचा बदल. माइटोकॉन्ड्रियात प्रथिनं बनवताना ल्यूसिन हे अमिनो आम्ल आणून देणारा जो रेणू असतो, त्याच्या जनुकात ही जागा येते. रेणू बिघडला की प्रथिनं नीट बनत नाहीत, ऊर्जा कमी पडते, आणि ज्या पेशींना ऊर्जा सर्वांत जास्त लागते त्या आधी थकतात : स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, कानाच्या आतल्या भागातल्या पेशी, डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, हृदय.

तुमच्या घरात हेच आहे असं मी म्हणत नाही. हा मधुमेह दुर्मिळ आहे. ठिकठिकाणच्या पाहण्यांत शंभर मधुमेहींमागे एखाद-दुसऱ्यात सापडतो, कुठे त्याहूनही कमी. साठीच्या पुढे कान मंदावायला वय पुरतं, आणि वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेनेही ऐकणं कमी होतं. पण मला एका गोष्टीची काळजी वाटते. युरोपात बारीक बाईला चाळिशीत मधुमेह झाला तर डॉक्टर आपणहून थबकतात. आपल्याकडे बारीक अंगाचे मधुमेही घरोघरी असल्यामुळे ही खूण लक्षात येत नाही. मग उरतो तो कान. आणि कानाचं दुखणं आपल्या घरांत दुखणंच धरलं जात नाही. ‘आई हल्ली मुद्दाम ऐकत नाही’ इथवर येऊन विषय संपतो. मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जाताना ते कुणी सांगत नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत तेही विचारत नाहीत.

म्हणून आईला आणि मावशीला हे विचारा : कमी ऐकू यायला कधी सुरुवात झाली? साखर निघण्याच्या आधी की नंतर? दोन्ही कानांनी सारखंच का? या आजारात बहुधा दोन्ही बाजूंनी, हळूहळू, आणि आधी बारीक-उंच आवाज जातात : लहान मुलांचं बोलणं, फोनची घंटी, पक्षी. शब्द कानावर पडतो पण कळत नाही. आजीला ऐकू येत होतं का? मामाला? एका कागदावर आजीपासून सगळ्यांची नावं मांडा, प्रत्येकापुढे मधुमेहाचं वय, कानाचं वय, डोळे, मूत्रपिंड, हृदय असं लिहा. वडिलांच्या बाजूचंही लिहा. तुम्ही पैसे देऊन मागवलेल्या रिपोर्टपेक्षा हा कागद कुठल्याही जाणत्या डॉक्टरला जास्त उपयोगाचा आहे. कुणाला लहानपणी किंवा आजारपणात जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकांची इंजेक्शनं घेतल्यावर ऐकू येईनासं झालं असेल तर तेही नोंदवा. माइटोकॉन्ड्रियाच्या १५५५ क्रमांकावरच्या एका वेगळ्याच बदलामुळे काही घराण्यांत ही औषधं कान घालवतात, आणि अशा घरातल्या बाकीच्यांनी ती टाळलेली बरी.

तपासणी कुणापासून सुरू करायची याला महत्त्व आहे. तुमच्यापासून नाही, मुलीपासून तर मुळीच नाही. आईपासून. जिला आजार आहे तिच्यात बदल सापडला नाही, तर हा एक धागा बाकी सगळ्यांसाठीही जवळजवळ सुटतो. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री. ऐकण्याची सोपी, न दुखणारी तपासणी. डोळ्याच्या पडद्याची तपासणी करताना डॉक्टरांना सांगा, की मधुमेहाच्या नेहमीच्या खुणांबरोबर पडद्याच्या मध्यभागी रंगद्रव्यात काही वेगळं दिसतंय का तेही बघा. मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि हृदयासाठी ईसीजी. एवढं घेऊन मधुमेहाच्या किंवा अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे जा आणि सरळ विचारा : ‘आईची ३२४३ची तपासणी करावी असं तुम्हाला वाटतं का?’ करायची ठरली तर नमुना कोणता, हेही विचारा. रक्तातलं या बदलाचं प्रमाण वयाबरोबर घटत जातं, त्यामुळे साठीतल्या माणसाच्या रक्तात ते निसटू शकतं. लघवीतल्या पेशींत ते जास्त खात्रीने सापडतं. रक्ताचा रिपोर्ट ‘नाही’ आला म्हणून थांबायचं नाही ते यासाठी. तुमच्या शहरात सोय नसेल तरी तुमचे डॉक्टर जेनेटिक्स विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात नमुना पाठवू शकतात. हैदराबादच्या सीसीएमबीसारख्या जीवशास्त्रातल्या संशोधन संस्थेत माइटोकॉन्ड्रियावर वर्षानुवर्षं काम चाललेलं आहे, तेव्हा हा आजार आपल्या देशातल्या तज्ज्ञांना अनोळखी नाही.

‘कळून उपयोग काय, साखर तर साखरच,’ असं घरात कुणीतरी म्हणेल. उपयोग आहे. या प्रकारात मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी शक्यतो टाळतात, कारण मुळातच थकलेल्या माइटोकॉन्ड्रियांमुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका असतो. (आईची मेटफॉर्मिन चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. लाखो लोकांना या औषधाने फायदा होतो, आणि निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.) हृदय आणि मूत्रपिंडावर आधीपासून लक्ष ठेवता येतं. आणि कानाला चांगलं यंत्र लावलं तर आई पुन्हा चारचौघांत बोलू लागेल. यंत्रासाठी तर जनुकांच्या निकालाची वाटही बघायला नको.

निकाल ‘आहे’ असा आला तरी ‘होणारच’ हा शब्द खरा ठरत नाही. एका पेशीत माइटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या शेकडो-हजारो प्रती असतात. ३२४३चा बदल असलेल्या माणसात काही प्रती बदललेल्या आणि काही चांगल्या असतात. आईच्या बीजांडात कोणत्या प्रती किती जातील हे ठरलेलं नसतं. खडे असलेल्या तांदळाच्या एकाच पोत्यातून तीन मुठी काढल्या, तर एकीत दोन खडे येतील, एकीत दहा, एकीत एकही येणार नाही, तसंच. तुम्हा तिन्ही भावंडांना एकाच आईकडून वेगवेगळं प्रमाण मिळालेलं असू शकतं. कुणाला उतारवयात थोडं कमी ऐकू येईल, कुणाला मधुमेह होईल, कुणाला काहीच जाणवणार नाही. प्रमाण फार जास्त असेल तर हाच बदल क्वचित मेंदूला आणि स्नायूंना त्रास देणारा गंभीर आजारही करतो. तुमच्या घरात तीन पिढ्यांत तसं कुणाला झाल्याचं पत्रात नाही, हे दिलाशाचं आहे.

तुमच्या भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं त्याला महागात पडू शकतं. पुरुष हा डीएनए पुढे देत नाहीत हे खरं. पण आईकडून तो त्यालाही तुमच्याइतकाच मिळालाय. मामाला मधुमेह झालाच ना? हिशोब असा : असा बदल घरात असेल तर मावशीची मुलं, मग मुलगा असो की मुलगी, त्या रेषेत येतात. मामाची मुलं येत नाहीत. त्यांच्या माइटोकॉन्ड्रिया मामीकडच्या. तुमच्या भावाच्या मुलांच्या त्याच्या बायकोकडच्या. तुमची मुलगी रेषेत येते, तिच्या पोटची मुलंही. आणि माइटोकॉन्ड्रिया सोडून दिल्या तरी नेहमीच्या मधुमेहाचा कौटुंबिक धोका भावाला आहेच, त्यातून ना मामेभाऊ सुटतो ना मावसभाऊ.

बहिणीबद्दल तुम्ही एका वाक्यात दोन प्रश्न विचारलेत, पण ते वेगळे आहेत. बहिणीला सांगायचं का? हो, लग्नाआधी, आणि तुम्ही स्वतः. ही तिच्या शरीराची माहिती आहे, ती तिच्यापासून राखून ठेवण्याचा हक्क तुम्हाला नाही आणि आईलाही नाही. पण काय सांगायचं ते नीट ठरवा. ऑनलाइन रिपोर्टमधलं ते वाक्य सांगायचं नाही. ‘आईला आणि मावशीला मधुमेह आहे, दोघींना ऐकू कमी येतं, याची एकत्र तपासणी करून घेतोय, निकाल आला की तुला कळवते,’ एवढंच आज खरं आहे.

सासरी सांगायचं का, हे मात्र तिचं ती ठरवेल. आईला मधुमेह आहे ही गोष्ट लपवू नये, आणि ती लपत नाहीही. आपल्या देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत, सासरच्या घरातही कुणी ना कुणी निघेल. पण न झालेल्या तपासणीचा, न आलेला निकाल पाहुण्यांपुढे मांडून तिचं लग्न टांगणीला लावणं अन्यायाचं होईल. निकाल ‘आहे’ आला, तर तिने होणाऱ्या नवऱ्याशी बोलावं असं मी तिला सुचवेन, कारण पुढे मूल होऊ देण्याचा निर्णय दोघांचा आहे. त्या बोलण्यात जाऊबाई, आत्याबाई, मध्यस्थ कुणी नकोत. आपल्याकडे मुलीच्या आजोळचे आजार फार खोदून विचारले जातात आणि मुलाच्या आजोळचे कुणी विचारत नाही. मुलाच्याही पेशीत त्याच्या आईच्याच माइटोकॉन्ड्रिया आहेत, मधुमेह त्यालाही होऊ शकतो. आईच्या भीतीमागे हा अनुभव आहे, म्हणून तिच्यावर चिडू नका.

दुसरं मूल हवं असेल तर या रिपोर्टमुळे थांबू नका. आईचा निकाल ‘नाही’ आला तर तुमचा प्रश्न इतर कुठल्याही ३६ वर्षांच्या बाईसारखाच : दिवस राहण्याआधी साखर, बी१२, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासणं; आणि दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर बघणं, १४० किंवा वर आली तर लगेच उपचार. पहिल्या गरोदरपणात सगळं नीट होतं तरी या वेळी पुन्हा करायचं, कारण आता एचबीएवनसी ५.८ आहे. निकाल ‘आहे’ आला तर जेनेटिक समुपदेशकाला भेटून तुमचं स्वतःचं प्रमाण बघायचं आणि मग बोलायचं. ब्रिटनमध्ये २०१५ साली दुसऱ्या स्त्रीच्या निरोगी माइटोकॉन्ड्रिया वापरून गर्भ तयार करायला कायद्याने परवानगी मिळाली आणि २०२५मध्ये न्यूकासलच्या डॉक्टरांनी अशा आठ बाळांची माहिती जाहीर केली. पण ती वाट गंभीर आजाराच्या घरांसाठी आहे. तुमच्या बाबतीत आज तिचा विचारही करायची वेळ आलेली नाही.

मुलीला आत्ता कसलीही जनुकीय तपासणी नको. ती बरी आहे, वाढते आहे. मोठी झाल्यावर जाणून घ्यायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे, तो आज आपण वापरून टाकू नये. तिला ऐकायला त्रास होतोय, ती फार लवकर दमते किंवा उंची वाढत नाही असं दिसलं तर गोष्ट वेगळी, मग बालरोगतज्ज्ञांना कुटुंबाची हकीगत सांगा.

उरला तुमचा पहिला प्रश्न. ५.८ म्हणजे मधुमेह नाही; ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी आहे आणि तुम्ही तिच्या अगदी सुरुवातीला आहात. चेन्नईच्या डॉक्टरांनी याच पायरीवरच्या ५३१ भारतीयांचा अभ्यास करून २००६ साली दाखवलं, की नुसत्या आहार आणि चालण्यातल्या बदलाने तीन वर्षांत मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. अमेरिकेतल्या तशाच मोठ्या अभ्यासात ते ५८ टक्क्यांनी घटलं. तिथे आणखी एक गोष्ट तपासली गेली : टीसीएफ७एल२ या केंद्रकातल्या जनुकाच्या ज्या प्रतीने मधुमेहाचा धोका ठळकपणे वाढतो, ती असलेल्यांनाही या बदलाचा फायदा झाला. माइटोकॉन्ड्रियांच्या बाबतीत तर व्यायाम थेट त्यांच्यावरच काम करतो. १९६७ साली जॉन हॉलोझी यांनी उंदरांना काही आठवडे पळवलं, तर त्यांच्या स्नायूंतल्या माइटोकॉन्ड्रियांची क्षमता सुमारे दुप्पट झाली. माणसांतही नियमित श्रमाने स्नायूंतल्या माइटोकॉन्ड्रिया वाढतात हे नंतर पुन्हा पुन्हा दिसलं.

तेव्हा आईच्या तपासण्या चालू असताना तुम्ही हातावर हात ठेवून बसू नका. रोज अर्धा तास दम लागेल असं चाला, आठवड्यातून दोन-तीनदा मांड्या, पाठ, दंड यांना ताकद लावणारा व्यायाम करा. तुमच्यासारख्या बारीक घराण्यात वजनापेक्षा स्नायूंची उणीव जास्त नडते, म्हणून वजन उतरवण्याच्या मागे न लागता कंबर मोजा : बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत, पुरुषांची ९०च्या. पोळी-भात थोडा कमी करून त्या जागी उसळ, डाळ, दही, अंडी वाढवा. सहा महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा. त्याबरोबर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही करा, कारण ॲनिमिया असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवतो. ऑडिओमेट्री तुमचीही एकदा होऊ द्या. आणि भावाला बरोबर न्या. ‘माझा काय संबंध’ म्हणणाऱ्या त्याने अजून एकदाही साखर तपासलेली नाही, असं तुमच्याच पत्रात आहे.